कप्तानबाईंची शिकवणी

९ जानेवारी

प्रिय आत्या,

फोनच करणार होते, पण फोन लागला की बाबाच तुझ्याशी बोलत सुटतो आणि माझ्या वाट्याला "बरी आहे, ठेवते" एवढंच येतं. म्हणून पत्र. घाईचं आहे, लगेच उत्तर दे.

आमच्या शाळेत पोहणं सुरू झालंय! अख्ख्या पाचवीला, आठवड्यातून दोनदा. शाळेची बस आम्हाला मोठ्या तलावावर नेते. तलावाला वर छप्पर आहे आणि पाणी इतकं निळं की शाईची बाटली उपडी केल्यासारखं. शिकवायला एक बाई आहेत. त्या ओरडत नाहीत, शिट्टी वाजवतात. एक शिट्टी म्हणजे ऐका, दोन म्हणजे कडेला या, तीन म्हणजे ताबडतोब बाहेर. आम्ही त्यांना शिट्टीबाई म्हणतो.

आता वाईट बातमी. पहिल्या दिवशी आमचे तीन गट पाडले: मासे, कासवं आणि बदकं. ज्यांना काहीच येत नाही ते बदक. मी बदक. बदकाला तर जन्मल्यापासून पोहता येतं, मग आम्हाला हे नाव का, ते मला कळलेलं नाही. माझी मैत्रीण चष्मिसपण बदकच. चष्मा काढला की तिला शिट्टीबाई कुठल्या आणि खांब कुठला तेच कळत नाही.

सगळ्यांनी तोंड पाण्यात घातलं. मी नाही घातलं. मला वाटलं, पाणी नाकातून थेट डोक्यात जाईल. तेवढ्यात वर्गातला एक मुलगा म्हणाला, "हिची आत्या म्हणे बोट चालवते, आणि ही बघा!" मग मीही सांगून टाकलं, माझी आत्या एकोणीस वर्षं बोट चालवते आणि ती खाडी पोहून पार करते. करतेस ना?

पोहायचं गुपित काय ते लवकर कळव. सोमवारी परत जायचंय.

तुझी
भिंगरी


१४ जानेवारी

भिंगरे,

दोन फेऱ्यांच्या मधे मला बारा मिनिटं मिळतात, त्यात हे खरडतेय. इंजिन चालू आहे, म्हणून अक्षर थरथरतंय. नावं ठेवू नकोस.

बदक तर बदक, त्यात काय झालं! पोहणं म्हणजे काय डोंगर पोखरायचाय? पाण्यात पडलं की पोहता येतं, असं मोठी माणसं म्हणतच आलीत. ऐक, मी बोट चालवताना करते तेच तू कर. मान ताठ, नजर समोरच्या धक्क्यावर. निघण्याआधी छातीभर श्वास घे आणि पोचेपर्यंत सोडू नकोस. हातपाय जितके जोरात मारशील तितकी पुढे जाशील. पाण्याला दरडावलं की पाणी ऐकतं.

आणि खाडी पार करायचं म्हणशील, तर मी ती रोज चौदा वेळा पार करते. त्या मुलाला खुशाल सांग.

भोंगा द्यायची वेळ झाली.

आत्या


२४ जानेवारी

आत्या,

तुझं सगळं ऐकलं आणि दगडासारखी तळाला गेले!

मान ताठ केली तर पाय खाली. पाय वर आणायला जोरजोरात मारले, तर सगळं पाणी चष्मिसच्या तोंडात. श्वास कोंडून धरला, गाल फुगले, फुगले आणि शेवटी फुटलेच. शिट्टीबाईंनी दंडाला धरून उभं केलं, तेव्हा कळलं की पाणी माझ्या कमरेएवढंच आहे.

त्यांनी विचारलं, "हे असं पोहायला कोणी शिकवलं गं?"

"माझ्या आत्यानं. ती बोट चालवते."

"बोटीला ते ठीक आहे," त्या म्हणाल्या. "माणसाची रचना वेगळी असते."

मग त्यांनी माझं डोकं हातात धरलं आणि दाखवलं. आपलं शरीर तराजूसारखं असतं. डोकं वर केलं की पाय खाली जातात, डोकं पाण्यावर टेकवलं की पाय आपोआप वर येतात. आणि श्वास कोंडायचा नसतो, तो पाण्यात हळूहळू सोडायचा असतो. मला ते जमेना. तर त्या म्हणाल्या, "गाणं येतं? मग तोंड मिटून पाण्यात गुणगुण. गुणगुणताना हवा नाकातून बाहेर येत राहते, मग पाणी आत शिरणार कुठून?"

आत्या, खरंच शिरत नाही!! मी पाढे गुणगुणले, कारण घाबरल्यावर गाणं आठवेना. दोन ते दहा, तोंड पाण्यात घालून! चष्मिसनं मोजलं. डोळे उघडले तर खाली फरश्या दिसत होत्या आणि कोणाचा तरी हेअरबँड.

पण तू असं उलटंच का सांगितलंस?

भिंगरी


३० जानेवारी

भिंगरे, शाब्बास!

उलटं सांगितलं, कारण तुझी परीक्षा घेत होते. कोणी सांगितलं म्हणून डोळे मिटून ऐकायचं की स्वतः बघून ठरवायचं, ते बघायचं होतं. पहिल्या परीक्षेत तू पास.

आता दुसरी परीक्षा. उताणं तरंगायचं कसं, ते मला लिहून पाठव. एकही पायरी गाळायची नाही. ज्याला पोहण्यातलं ओ की ठो कळत नाही, अशा माणसाला सांगतेयस असं समजून लिही. हात कुठे, हनुवटी कुठे, कान पाण्यात की बाहेर, आणि परत उभं कसं राहायचं. ते तर आधी लिही. लवकर लिही हं, मला पेपर तपासायची घाई आहे.

आत्या


४ फेब्रुवारी

वहिनी,

हे पत्र तुझ्यापुरतं. भिंगरीच्या हाती लागू देऊ नकोस, आणि दादाच्या तर नकोच. तो हसत सुटेल आणि हसता हसता सगळ्यांना सांगून मोकळा होईल.

मला पोहता येत नाही.

लिहिलं एकदाचं. एकोणीस वर्षांपूर्वी नोकरीच्या अर्जावर विचारलं होतं, 'पोहता येते काय?' पुढे दोन चौकोन होते. पंचवीस जणांत मी एकटी बाई. 'नाही' म्हटलं असतं तर दारातूनच परत पाठवलं असतं. 'होय'वर खूण केली आणि मनाशी म्हटलं, रुजू झाले की शिकून घेईन. ते राहिलंच. जसजशी वर्षं गेली तसतसं कोणाला विचारायचीही सोय राहिली नाही. इथे मला सगळे कप्तानबाई म्हणतात. कप्तानबाईनं कोणाच्या दारी जाऊन म्हणायचं, मला जरा पोहायला शिकवता का?

आता बंदर कचेरीतून कागद आलाय. सुकाणू धरणाऱ्या प्रत्येकानं तीस एप्रिलला परीक्षा द्यायची. पन्नास मीटर पोहायचं, आणि कशालाही न धरता पाच मिनिटं तरंगायचं. नापास झालं की बोटीवरून उतरून तिकिटाच्या खिडकीत. वहिनी, त्या खिडकीतून पाणी दिसतसुद्धा नाही.

म्हणून दर मंगळवारी, सुट्टीच्या दिवशी, बसनं तासभर लांबच्या तलावावर जाते. तिथे मला कोणी ओळखत नाही. दुपारी शिकवणारं कोणी नसतं, उंच खुर्चीवर एक जीवरक्षक बसलेला असतो. भिंगरीचं पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून कडेवर ठेवते. एक ओळ वाचायची, पाण्यात उतरायचं, खोकत वर यायचं, पुढची ओळ वाचायची. परवा मी दोन ते सात पाढे गुणगुणले. त्या जीवरक्षकानं खुर्चीवरून वाकून विचारलं, "बाई, बरं वाटतंय ना?"

पोरीला परीक्षा परीक्षा म्हणून बनवतेय, त्याचं वाईट वाटतं. पण अजून सांगायचा धीर होत नाही.

छोटी


१२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

दुसऱ्या परीक्षेचा पेपर. पूर्ण मार्क हवेत.

आधी परत उभं राहायचं ते, कारण तू आधी मागितलंस. गुडघे पोटाशी घ्यायचे, हात मागून पुढे ओढायचे, पाय आपोआप खाली येतात, मग उभं राहायचं. हे उथळ पाण्यात वीस वेळा करायचं. शिट्टीबाई म्हणतात, परत उभं राहता येतं हे एकदा अंगात मुरलं की अर्धी भीती तिथेच संपते.

आता तरंगणं. खांदे पाण्यात जाईपर्यंत वाकायचं. डोकं मागे टेकवायचं, उशीवर टेकवतो तसं. कान पाण्यात जायलाच हवेत. आत गेल्यावर सगळे आवाज बंद होतात आणि आपलाच श्वास ऐकू येतो, ते आधी विचित्र वाटतं, मग आवडतं. हनुवटी छपराकडे. पोट वर, जणू पोटावर बशी ठेवलीय आणि ती भिजू द्यायची नाही. हात पसरून सैल. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काहीही करायचं नाही. हेच सगळ्यात अवघड आहे, कारण मला काहीही न करण्याची सवय नाही.

पाय थोडे बुडले तर बुडू दे. तोंड वर राहिलं की झालं.

मी मोजून चाळीस आकडे तरंगले! मला कासवांत घेतलंय! चष्मिसला पण! आणि आत्या, आमच्या वर्गात एक मुलगी आहे, तिनं पहिलीपासून कधी हात वर केला नाही. ती माशांत पहिली आहे. आता वर्गातपण उत्तरं देते. मला इतकी भूक लागते की डबा बसमध्येच संपतो. आई म्हणते, झोपेत मी आता पलंगावरून खाली पडत नाही.

अजून एक नियम. कोणी बुडताना दिसलं तरी आपण उडी मारायची नाही. ओरडायचं, मोठ्यांना बोलवायचं, तरंगणारी वस्तू फेकायची. हे तुला माहीत असेलच.

भिंगरी


२० फेब्रुवारी

छोटे,

तुझं पत्र वाचलं. आधी हसले, मग लक्षात आलं की एकोणीस वर्षं तू त्या पाण्यावर रोज अशीच गेलीस, आणि खाली बसले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! ही म्हण इतकी शब्दशः लागू पडलेलं माणूस मी पहिल्यांदा बघतेय.

आता ऐक, प्रकरण गळ्याशी आलंय. पाच एप्रिलला शाळेचा पोहण्याचा दिवस आहे. शेवटी घरच्यांची शर्यत असते, तलावाची एक लांबी, पंचवीस मीटर. भिंगरीनं आम्हाला न विचारता तुझं नाव दिलंय. यादी वर्गाच्या फळ्यावर लागलीय: आत्या, कप्तानबाई. अर्धा वर्ग तुझ्या नावानं आत्ताच ओरडतोय म्हणे.

मी तिला काही सांगणार नाही. तुझ्याकडूनच कळू दे. आणि लवकर.

वहिनी


२६ फेब्रुवारी

भिंगरे,

आज हे पत्र धक्क्यावर नाही, घरी टेबलाशी बसून लिहितेय.

मला पोहता येत नाही. खाडी मी बोटीतून पार करते. तुला पहिलं जे शिकवलं ते सगळं चुकीचं होतं, कारण मला काहीच माहीत नव्हतं. ती परीक्षा वगैरे काही नव्हती. खोटं बोलले, आणि ते झाकायला आणखी बोलले. तू माझ्या जिवावर वर्गात सांगितलंस आणि मी तुला सांगू दिलं. चुकले.

मला तीस एप्रिलला पोहण्याची परीक्षा द्यायचीय, नाही तर बोट सुटेल. म्हणून तुझ्याकडून सगळं लिहून घेत होते. तुझी पत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी दर मंगळवारी तलावावर जाते आणि तू लिहितेस तसं करते. परवा बारा आकडे तरंगले.

फळ्यावरचं माझं नाव खोडून टाक. रागावलीस तरी मला काही म्हणायचं नाही.

आत्या


१९ मार्च

आत्या,

मी तुला पत्र लिहिणारच नव्हते. तीन आठवडे नाही लिहिलं. तुझा फोन आला तेव्हा मी घरीच होते, आईला खूण केली नाही म्हणून.

मला खूप राग आला होता. मी सगळ्यांना सांगितलं होतं ना. मी बदक होते आणि माझ्याकडे सांगण्यासारखं तेवढंच होतं. मग वर्गात जाऊन खरं सांगावं लागलं. तो मुलगा हसला. बाकीचेपण हसले. मी पोहायला गेले तरी कोणाशी बोलले नाही, नुसत्या फेऱ्या मारल्या.

मग काल बसमध्ये चष्मिस म्हणाली, "पण मग तुझ्या आत्याला तरंगायला कोणी शिकवलं?"

मी म्हटलं, "कोणी नाही. ती माझी पत्रं वाचून..."

आणि मी उठून उभीच राहिले! बस चालू होती, बसमधल्या मावशी ओरडल्या, तरी उभी! आत्या, मी शिकवलं! मी! तुला! मोठ्या माणसाला! नुसतं लिहून! शिट्टीबाई म्हणाल्या, त्यांनाही हे जमलं नसतं, त्या हात धरून शिकवतात. त्या मुलाला मी म्हटलं, तू कोणाला शिकवलंयस?

बारा आकडे म्हणजे काहीच नाही हं. तू नक्की मान उचलतेस. छपराकडे बघ म्हटलं की छपराकडेच बघायचं, पिशवीतल्या पत्राकडे नाही.

आता तोंड पाण्यात घालून हात मारायचे. सोबत चार पानं आहेत, चित्रं चष्मिसनं काढलीत. पाय गुडघ्यातून नाही, मांडीपासून हलवायचे. श्वास घेताना डोकं उचलायचं नाही, नुसतं कुशीवर वळवायचं, एक कान पाण्यातच ठेवायचा. दमलीस तर उलटं व्हायचं आणि तरंगायचं. दमणं म्हणजे नापास होणं नाही, असं शिट्टीबाई म्हणतात.

फळ्यावरचं नाव मी खोडलेलं नाही. सतरा दिवस आहेत. मंगळवारी एकदा जाऊन भागणार नाही, रोज जा.

भिंगरी

(राग थोडा अजून आहे.)


११ एप्रिल

भिंगरे, माझे गुरुबाई,

पाच तारखेला कडेवरून तू काय पाहिलंस ते तुला माहीत आहे. पाण्यातून काय दिसत होतं ते मी सांगते.

कडेला आम्ही सहा जण होतो. शेजारी कोणाचा तरी मामा, दंड असे की बोट ओढून नेईल. शिट्टी वाजली आणि सगळे गेले. मी राहिले. अख्खा वर्ग समोर आणि माझे हात कडेवरून सुटेनात. तेवढ्यात तू खाली वाकून म्हणालीस, "आत्या, पाढे."

मी तोंड पाण्यात घातलं आणि सुरू केलं. खाली फरशीवर काळी रेघ होती, ती धरली. अर्ध्यावर नाकात पाणी गेलं. बाजूचा दोर हाताच्या अंतरावर होता. धरावासा वाटला, अगदी धरावासा वाटला. पण उलटी झाले आणि छप्पर बघितलं. छपरात एका ठिकाणी पत्रा बदललाय, तो नवा दिसतो. तेवढं बघून होईपर्यंत श्वास जागेवर आला. मग परत पालथी, परत रेघ, आणि रेघ संपली तिथे हात भिंतीला लागला.

डोकं वर काढलं तर बाकीचे पाच जण अंग पुसून उभे होते. मामांचे केससुद्धा वाळले होते. आणि तुमचा वर्ग छप्पर उडेल असा ओरडत होता. मला आधी वाटलं, कोणीतरी दुसरं जिंकलं.

शेवटची आले आणि इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. तुझी लांबी तर काय, पाण्यात सुरी फिरावी तशी! तुझा बाबा रडला, पण तो म्हणतो ते पाण्याच्या औषधामुळे.

आता पन्नास. म्हणजे एवढंच, दोनदा. एकोणीस दिवस.

आत्या


२ मे

भिंगरे!

पास! पास! पास!

परीक्षेला बंदर कचेरीचे साहेब घड्याळ घेऊन कडेवर उभे. माझ्याबरोबर दुसऱ्या दोन बोटींचे सुकाणूवाले. पहिली लांबी नीट गेली. दुसऱ्या लांबीला दहा मीटर राहिले आणि हात शिशाचे झाले. उलटी झाले, चार श्वास घेतले. साहेब म्हणाले, "थांबल्या का?" मी आडवी आडवीच म्हटलं, "थांबू नये असं कागदावर लिहिलंय का, साहेब?" त्यांनी खरंच कागद काढून वाचला. लिहिलेलं नव्हतं. मग उरलेले दहा मीटर संपवले.

नंतर पाच मिनिटं तरंगायचं. भिंगरे, कान पाण्यात, सगळं शांत, पोटावर तुझी बशी. आणि त्या शांततेत एकदम एक आकडा डोक्यात आला. एक्केचाळीस. सकाळच्या पहिल्या फेरीला माझ्या बोटीत एक्केचाळीस शाळकरी मुलं असतात. दप्तरं, डबे, दंगा. मी रोज त्यांची लाइफ जॅकेटं मोजते, पट्टे ओढून बघते. पण त्यांतल्या किती जणांना पोहता येतं हे मी कधी विचारलंच नाही. कारण विचारलं असतं, तर कोणीतरी मलाही विचारलं असतं.

यंदा शाळा मेअखेरपर्यंत चालणार आहेत, म्हणून काल फेरीत विचारलं. तिघांनी हात वर केला.

आज त्यांच्या हेडमास्तरांना भेटले. त्या लांबच्या तलावावर सकाळची वेळ मोकळी आहे, बस शाळेची आहेच. ते म्हणाले, "कप्तानबाई, बोटीवर जॅकेटं आहेत, वर तुमच्यासारखी पट्टीची पोहणारी आहे, मग काळजी कसली? आणि गणिताचे तास कुठून आणू?" मोठ्या मुश्किलीनं एवढं पदरात पाडून घेतलं की तेवीस तारखेच्या पालकसभेत मला पाच मिनिटं बोलू देतील.

काय बोलू? तू पाचवी पोहून काढलीस, तू सांग.

आत्या


९ मे

आत्या!!

मला माहीतच होतं! शिट्टीबाई शाळेत आल्या होत्या, तेव्हा पत्र मी वर्गात मोठ्यानं वाचलं. शिट्टीबाईंनी तीन शिट्ट्या वाजवल्या आणि आम्ही खरंच सगळे वर्गाबाहेर पळालो.

काय बोलायचं ते मी वर्गात विचारलं. एक जण म्हणाला, त्याला दर महिन्याला सर्दी व्हायची, आता दोन महिने झाली नाही. पण शिट्टीबाई म्हणाल्या, एकट्याच्या नाकावरून नियम करू नका. चष्मिस म्हणते, पाण्यात सगळ्यांनाच अंधुक दिसतं, म्हणून तिथे तिला कोणी चिडवत नाही. गणिताचं सांग, की मी पाढे पाण्यात पाठ केले. आणि जो मुलगा हसला होता ना, त्यानं आज स्वतःहून सांगितलं की पहिल्या दिवशी तोही घाबरला होता, म्हणून तो हसत होता. आता मी आणि तो एकत्र फेऱ्या मारतो. तो हरतो.

पण मला वाटतं, यातलं काहीच नाही बोललीस तरी चालेल. मला तू खरं सांगितलंस तेव्हा मला राग आला होता, पण पोहायला जोर त्यानंतर जास्त आला. का ते माहीत नाही.

मी माशांत गेले. हे शेवटी लिहिलं, कारण पत्र तुझ्याबद्दल होतं.

भिंगरी


२४ मे

भिंगरे,

काल सभा झाली. सगळं जसं झालं तसं सांगते.

शाळेचं सभागृह भरलं होतं. मागच्या रांगेत तिन्ही बोटींवरची आमची माणसं, कारण त्यांचीही मुलं याच शाळेत आहेत. माझ्या बोटीवरचे इंजिनकाकाही होते. एकोणीस वर्षं ते माझ्या पायाखाली इंजिन सांभाळतात आणि येताजाता म्हणतात, "कप्तानबाई, आपण तर पाण्याचीच माणसं!" हेडमास्तरांनी माझी ओळख करून दिली, वर म्हणाले, "यांच्या हाती आपली मुलं सुखरूप आहेत." टाळ्या पडल्या.

मी तुमच्या वर्गानं सांगितलेलं सगळं कागदावर लिहून नेलं होतं. भूक, झोप, चष्मिस, पाढे. पण त्या टाळ्या ऐकल्या आणि कागद घडी घालून ठेवला.

म्हटलं, "एकोणीस वर्षं तुमची मुलं मी खाडीपार नेली. या जानेवारीपर्यंत मला पोहता येत नव्हतं. बोट बुडाली असती तर मी तुमच्या एकाही मुलाच्या कामी आले नसते. मीच आधी बुडाले असते. अर्जावर खोटं लिहिलं होतं, आणि ते उघडं पडेल म्हणून मुलांच्या पोहण्याचा विषयसुद्धा कधी काढला नाही. मला दहा वर्षांच्या भाचीनं शिकवलं. तिला तिच्या शाळेनं शिकवलं. आपल्या मुलांना कोण शिकवणार, एवढंच विचारायला आलेय."

पुढच्या रांगेतल्या एका आईनं तोंडावर हात ठेवला होता. मी मनात म्हटलं, झालं, संपली नोकरी. एक बाप उठून म्हणाला, "हे तुम्ही आज सांगताय?" आवाज चांगलाच चढला होता. त्याचं काही चुकलं नव्हतं. मी म्हटलं, "हो. उशीर झाला." तो उभाच राहिला. मग म्हणाला, "माझ्या दोघांची नावं लिहा." आणि खाली बसला.

त्यानंतर मात्र एकच गलका! हेडमास्तर फळ्यावर नावं लिहायला लागले, लिहिता लिहिता त्यांचा खडू मोडला. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस! शिवाय खाडीच्या अलीकडे राहणारी, बोटीनं न येणारी तेवीस. गणिताचा तास शनिवारी ढकलला, बसला दोन फेऱ्या ठरल्या, पंधरा मिनिटांत सगळं मार्गी.

आवाज जरा खाली आला तेव्हा मागून इंजिनकाका उभे राहिले. टोपी हातात, मान खाली.

"मास्तर," म्हणाले, "मोठ्यांना घेतात का?"

कोणी हसलं नाही. त्यांच्याशेजारी दुसऱ्या बोटीवरचा दोर टाकणारा उठला. मग तिकिटाच्या खिडकीतल्या बाई. मग ती तोंडावर हात ठेवलेली आई. भिंगरे, हात वर येतच राहिले, आया, आजोबा, बेकरीवाला, आमच्याच तीन बोटींवरचे सात जण. इतकी वर्षं आम्ही एकमेकांशेजारी उभं राहून त्याच पाण्यावर ये-जा केली आणि कोणी कोणाला बोललं नाही.

हेडमास्तरांनी हात मोजले. परत मोजले. फळ्यावर 'मोठे' असं लिहून पुढे तेवीस लिहिलं. मग ते पुसून त्यांनी चोवीस केलं, खडू खाली ठेवला आणि स्वतःचाही हात वर केला.

आत्या